पत्र्याला परत जायचं असतं

वळणावर मालवाहू गाडीच्या हौद्यातली पाण्याची मोटर सरकते आणि बाजूच्या पत्र्याला आतून धडकते. बाहेरून पाहिलं तर दीड-दोन वीत रुंदीचा फुगवटा, मधोमध मोटरच्या कोपऱ्याची खूण आणि भोवताली एक वेडीवाकडी कड. गाडीचा मालक खाली उतरतो, हात फिरवतो आणि म्हणतो, गेला पत्रा. त्याची हळहळ खरी आहे, निदान मात्र चुकलेलं आहे. त्या फुगवट्यातला बहुतेक पत्रा गेलेला नसतोच. तो अजूनही मूळ आकाराकडे ओढ घेत असतो आणि त्याला अडवून धरलेलं असतं ते त्या भोवतालच्या कडेने. ही कड सगळ्या पोच्याच्या मानाने अगदी थोडी जागा व्यापते. चांगला मिस्त्री आपला बराचसा वेळ त्या कडेवर घालवतो, तिच्यातला अडसर काढतो, आणि मग उरलेला पत्रा आपणहून जागेवर जातो. डेंटिंगच्या कामातलं सगळ्यात मोठं नवल मला हेच वाटतं. पुट्टी आणि रंग हा त्यानंतरचा भाग. खरा पराक्रम त्याआधीच, उघड्या पत्र्यावर होऊन गेलेला असतो.

आधी हौदा नीट बघू. २००५ साली टाटा एस रस्त्यावर आली, लोकांनी तिला छोटा हत्ती म्हणायला सुरुवात केली आणि पाऊण टन माल नेणारी ही गाडी भाजी मंडईपासून सिलिंडरच्या गोदामापर्यंत सगळीकडे दिसू लागली. तिच्यासारख्या गाड्यांचा हौदा दाबकाम केलेल्या पोलादी पत्र्याचा असतो: तळ, दोन बाजू आणि मागे उघडणारा फाळका. तळाला आणि बाजूंना उभ्या-आडव्या पन्हळी असतात. त्या शोभेसाठी नाहीत. पत्र्याचा वाकण्याला होणारा विरोध त्यातलं पोलाद मध्यरेषेपासून किती लांब आहे याच्या वर्गाच्या हिशेबात वाढतो. म्हणजे तोच पत्रा, तेच वजन, फक्त पन्हळ दुप्पट खोल केली की ताठपणा सुमारे चौपट. म्हणून पन्हळीवर बसलेला पोचा सपाट भागावरच्या पोच्याहून कितीतरी हट्टी असतो, आणि म्हणूनच पन्हळ चेपलेली असेल तर काम तिच्यापासून सुरू करावं लागतं. ती सरळ झाल्याशिवाय शेजारचा सपाट भाग जागेवर बसत नाही.

हौद्याचं आणखी एक वेगळेपण आहे. कारच्या दाराला पोचा बाहेरून आत पडतो. हौद्याला मार बहुतेक वेळा आतून बसतो, मालाचा. त्यामुळे बाहेरून दिसतो तो खड्डा नसतो, फुगवटा असतो, आणि खड्ड्यासारखी तपासणी करायची तर हौद्यात उतरून आतून बघावं लागतं. आतून पाहिलं की सगळं स्पष्ट होतं: मध्ये खोलगट भाग आणि त्याच्याभोवती आपल्याकडे उठलेली कड.

आता थोडा हिशेब करू, कारण यातलं खरं आश्चर्य हिशेबातच आहे. साध्या पोलादाची एक मीटर लांब पट्टी ओढली, तर साधारण एक मिलिमीटर लांब होईपर्यंत ती सोडताच मूळ लांबीवर परत येते. हजारात एक, म्हणजे ०.१ टक्का. त्यापलीकडे ओढली की थोडी वाढ कायमची राहते. आता एक मिलिमीटर जाडीचा पत्रा घ्या आणि अर्ध्या मीटर त्रिज्येच्या वर्तुळाइतका वाकवा. त्याचा बाहेरचा पृष्ठभाग ताणला जातो, आतला दबतो, आणि हा ताण भरतो बरोबर ०.१ टक्का. म्हणजे अर्ध्या मीटरहून मोठ्या त्रिज्येचं कुठलंही हलकं वळण पत्र्याला निव्वळ वाकवल्याने पडलं असेल, तर ते कायमचं नाही. आधार काढला की ते नाहीसं होईल.

याउलट कडेवर बघा. तिथे पत्रा पाचेक मिलिमीटर त्रिज्येत मुडपलेला असतो. तिथला ताण निघतो १० टक्के, मर्यादेच्या शंभरपट. तिथलं पोलाद आता मागे फिरणार नाही. त्याने नवा आकार पत्करलेला असतो.

पोच्याचं सगळं चित्र या दोन आकड्यांत आहे. बाहेरून एकसंध दिसणाऱ्या त्या फुगवट्यात दोन प्रकारचा पत्रा असतो: खरोखर मुडपलेला, चिंचोळा पट्टा, आणि त्याने खिळवून ठेवलेला, मनाने अजून सपाट असलेला मोठा भाग. नवखा माणूस मधल्या फुगवट्यावर घाव घालतो, कारण नजरेला तोच खुपतो. घाव पडतो तो नेमका निरोगी पत्र्यावर. तिथे नव्या खुणा उठतात, पत्रा ताणला जातो आणि कड होती तशीच राहते.

म्हणून जाणत्या मिस्त्रीच्या कामात एक क्रम असतो. आदळताना जे सगळ्यात शेवटी वाकलं, ते सगळ्यात आधी सोडवायचं. धक्का मध्यावर बसतो, तिथून पत्रा खोल जात जातो आणि कड बाहेरच्या बाजूला सरकत सरकत शेवटी कुठेतरी थांबते. परतीचा रस्ता तिथूनच सुरू होतो, बाहेरून आत.

हे काम जवळून बघण्यासारखं असतं. मिस्त्री आधी खडूने कड आखून घेतो. हौद्याची बाजू गुडघा-मांडीएवढीच उंच, त्यामुळे बाहेर उभं राहून एक हात बाहेर आणि एक आत असा ठेवता येतो. डाव्या हातात डॉली, म्हणजे तळहातात मावणारा घोटीव पोलादाचा जड ठोकळा. ती तो बाहेरून फुगवट्यावर रेटून धरतो. उजव्या हातातली हातोडी आत, कडेवर.

शेजारी उभ्या असलेल्या ड्रायव्हरला धीर निघत नाही. “मिस्त्री, मधे एक जोराचा हाणा की. जाईल आत.”

“मध्याला आत्ता हात लावायचा नाही, दादा. आधी ही कड मोकळी होऊ द्या.”

मग हलके, जवळजवळ पडणारे घाव सुरू होतात. कडेच्या ज्या टोकाला वळण सगळ्यात हलकं असतं तिथून सुरुवात, आणि हळूहळू सगळ्यात तीव्र मोडाकडे. हातोडी कडेवर पडते, डॉली फुगवट्याला उलट बाजूने दाबत असते. प्रत्येक घावाने कड थोडी खाली बसते आणि त्याच क्षणी डॉलीखालचा फुगवटा थोडा आत जातो. हातोडी डॉलीवर पडत नाही, तिच्या शेजारी पडते, म्हणून पत्रा दोन पोलादांमध्ये चिरडला जात नाही. असे काही घाव झाले की एका क्षणी टप्प असा आवाज येतो आणि वीतभर पत्रा एकदम जागेवर जातो. ज्या जागेवर एकही घाव पडलेला नाही, ती जागा सपाट झालेली असते! पहिल्यांदा बघणाऱ्याला हा हातचलाखीचा प्रकार वाटतो. त्या पत्र्यात अडकून पडलेली ओढ फक्त मोकळी झालेली असते.

आता त्या कडेच्या आत शिरू, कारण तिथे जे घडलेलं असतं त्याचा शोध लावायला विसाव्या शतकातल्या शास्त्रज्ञांची बरीच वर्षं खर्ची पडली.

धातू म्हणजे ओळीने रचलेल्या अणूंचे स्फटिक. पत्रा कायमचा वाकतो तेव्हा अणूंचा एक थर दुसऱ्या थरावरून सरकलेला असतो. १९२६ मध्ये याकोव्ह फ्रेंकेल या रशियन भौतिकशास्त्रज्ञाने हिशेब मांडला की असा अख्खा थर एकाच वेळी सरकवायला किती जोर लागेल. उत्तर आलं ते प्रत्यक्षाशी जुळेना. खरे शुद्ध धातूचे स्फटिक त्या हिशेबाच्या हजारो पटींनी कमी जोरात वाकत होते. हातोडीच्या चार घावांत पत्रा वाकतो ही सगळ्या जगाला ठाऊक असलेली गोष्ट सिद्धांतात बसत नव्हती.

१९३४ मध्ये इंग्लंडचे जी. आय. टेलर आणि मूळचे हंगेरीचे इगॉन ओरोवान व मायकेल पोलान्यी या तिघांनी, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, एकच उत्तर दिलं. स्फटिकाची रचना कधीच निर्दोष नसते. त्यात कुठेतरी अणूंचा एखादा जादा अर्धा थर घुसलेला असतो आणि तो जिथे संपतो तिथे एक रेषा तयार होते. या रेषेला डिसलोकेशन म्हणतात. जोर लावला की अख्खा थर सरकत नाही. ही रेषा तेवढी पुढे सरकते, एका वेळी अणूंची एकच ओळ आपला जुना बंध सोडते आणि नवा जोडते. रेषा स्फटिकाच्या या टोकापासून त्या टोकाला पोचली की वरचा भाग खालच्या भागावरून एका अणूएवढा पुढे गेलेला असतो. म्हणून कमी जोर पुरतो. ही नुसती कल्पना होती. १९५६ मध्ये केंब्रिजला पीटर हर्श आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली ॲल्युमिनियमच्या अतिपातळ पापुद्र्यात या रेषा सरकताना डोळ्यांनी पाहिल्या. तोवर बावीस वर्षं गेली होती.

आता आकडा ऐका. नीट तापवून मऊ केलेल्या धातूच्या एका घन सेंटिमीटरमध्ये या सगळ्या रेषांची लांबी मिळून दहा किलोमीटरपासून हजारेक किलोमीटरपर्यंत भरते. तोच धातू थंड असताना जोरात मुडपला, ठोकला, की रेषांतून नव्या रेषा निपजतात आणि त्याच एका घन सेंटिमीटरमध्ये ही लांबी दहा लाख किलोमीटरच्या घरात आणि त्याहीपुढे जाते. पृथ्वीपासून चंद्र सरासरी ३ लाख ८४ हजार किलोमीटरवर आहे. मोटरच्या कोपऱ्याने मुडपलेल्या त्या अरुंद कडेत, नखाएवढ्या पोलादात, अशाच रेषांचा गुंता झालेला असतो. गुंता झाला की रेषा एकमेकींना अडवतात, सरकू शकत नाहीत, आणि पोलाद कठीण होतं. म्हणून कड ही शेजारच्या पत्र्याहून अधिक ताठ असते. मध्यावर घाव घातला की मऊ पत्रा वाकतो आणि कड हलत नाही, याचं कारण हे.

पुण्याच्या तांबट आळीतल्या कारागिरांना ही गोष्ट इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाच्या कितीतरी आधीपासून हाताने माहीत आहे. तांब्याचा पत्रा ठोकता ठोकता कडक होतो, मग ते तो भट्टीत लाल करून पाण्यात बुडवतात आणि तांबं पुन्हा मऊ होतं. तापल्यावर अणू नव्याने रचले जातात आणि गुंत्याची जागा नवे, स्वच्छ स्फटिक घेतात. भांडं तयार झालं की शेवटी त्यावर ओळीने माठार काम करतात. त्या चकाकत्या ठिपक्यांनी भांडं सुंदर दिसतं आणि पातळ पत्रा ताठही होतो. हौद्याच्या पत्र्याला मात्र अशी भट्टी दाखवता येत नाही. अख्खी बाजू तापवली तर ती भलतीकडेच पिळवटेल. मिस्त्रीला कडेतला तो गुंता तसाच ठेवून, थंड पत्र्यावरच काम करावं लागतं. त्यामुळे त्याला मोजकेच घाव परवडतात. प्रत्येक घावाने पत्रा आणखी कडक होत जातो आणि तीच जागा वारंवार पुढे-मागे वाकवली की एक दिवस तिथे चीर दिसते.

याच गुंत्याचा वाहन कारखाने मोठ्या हुशारीने उपयोग करून घेतात. काही प्रकारच्या पोलादी पत्र्यात थोडासा मोकळा कार्बन राखून ठेवलेला असतो. पत्रा साच्यात दाबला की त्यात डिसलोकेशनच्या रेषा तयार होतात. मग रंग पक्का करायला गाडीचा सांगाडा सुमारे १७० अंश सेल्सिअसच्या भट्टीतून जातो, वीसेक मिनिटं. तेवढ्या उष्णतेत कार्बनचे अणू चालत चालत त्या रेषांपाशी जमतात आणि त्यांना जागच्या जागी जखडतात. रंग वाळतो त्याच वेळी पत्रा आधीपेक्षा मजबूत होतो, तेही एक ग्रॅमही वजन न वाढता. कार्बन रेषांना कसा जखडतो, याचं गणित कॉट्रेल आणि बिल्बी यांनी १९४९ मध्ये मांडलं.

कड सुटली, फुगवटा बसला, तरी काम संपत नाही. आता उरतो तो डेंटिंगमधला सगळ्यात अवघड प्रश्न: ताणलेला पत्रा. मोटरचा कोपरा जिथे रुतला तिथे पत्रा नुसता वाकलेला नसतो, पातळ होऊन पसरलेलाही असतो. पोलादाचं घनफळ बदलत नाही. जाडी कमी झाली की क्षेत्र वाढलंच. आणि वाढलेल्या क्षेत्राला चौकटीत जागा नसते. ते एक तर आत जातं नाही तर बाहेर. अंगठ्याने दाबा, टक् करून आत. सोडा, टक् करून बाहेर.

किती जादा लांबी असते ही? ३०० मिलिमीटरच्या पट्ट्यात फक्त ०.३ मिलिमीटर जादा पत्रा आहे असं धरू. दोन्ही टोकं जखडलेली. तो जादा पत्रा सामावायला कमान किती उंच व्हावी लागेल? उत्तर येतं जवळजवळ ६ मिलिमीटर. कमानीच्या भूमितीचं हे वैशिष्ट्य आहे: लांबीत नजरेला न दिसणारी वाढ उंचीत वीसपट होऊन समोर येते. म्हणूनच हातोडी थेट डॉलीवर आपटण्याची सवय घातक ठरते. पत्रा दोन पोलादांमध्ये सापडतो, प्रत्येक घावाला केसभर पसरतो, आणि मेहनत करणाऱ्याच्या डोळ्यांदेखत फुगवटा कमी होण्याऐवजी वाढत जातो. काही ठिकाणी मुद्दाम पत्रा पसरवायचा असतो, तिथे हा घाव बरोबर. एरवी तो टाळायचा.

मग जादा झालेला पत्रा गोळा कसा करायचा? कापून काढायचा नाही, घडी घालायची नाही. उपाय विलक्षण आहे: तापवायचा. गॅसच्या बारीक ज्योतीने फुगवट्याच्या माथ्यावर नखाएवढा ठिपका लाल करतात, सुमारे ७०० अंशांपर्यंत. एवढ्या तापमानाला १० मिलिमीटर पोलादाला सुमारे ०.१ मिलिमीटर वाढायचं असतं. पण चहूबाजूंनी थंड, ताठ पत्रा आहे, तो त्याला आडवं पसरू देत नाही. लाल झालेलं पोलाद मऊ असतं, ते या दाबापुढे हार मानतं आणि बाजूला वाढायच्या ऐवजी जाड होतं. ज्योत बाजूला केली की ठिपका थंड व्हायला लागतो. आता त्याला आकसायचं असतं, आणि या वेळी तो हार मानत नाही, कारण थंड होता होता त्याची ताकद परत येते. तो भोवतालचा पत्रा आपल्याकडे ओढून घेतो. वरून ओलं फडकं लावलं की हे आणखी झटपट होतं. हिशेबाने असे तीन ठिपके ०.३ मिलिमीटर परत मिळवून देतात, म्हणजे तो ६ मिलिमीटरचा फुगवटा संपवायला पुरेसे. प्रत्यक्षात प्रत्येक ठिपका पूर्ण हिशेबाइतका आकसत नाही, म्हणून मिस्त्री एक ठिपका मारतो, थंड होऊ देतो, हात फिरवतो आणि मगच पुढचा ठरवतो.

बैलगाडीच्या चाकाला धाव चढवताना पाहिलेल्या वाचकांना यात ओळखीचं काही सापडेल. तिथेही तापलेलं लोखंड थंड होताना आवळतं आणि सगळं चाक घट्ट बांधतं. फरक एवढाच, की धावेला तापताना मोकळेपणी वाढू देतात आणि लाकडावर चढवून मग आवळू देतात. इथे वाढूच द्यायचं नाही आणि आवळणं तेवढं पदरात पाडून घ्यायचं.

ज्योत पेटवण्याआधी काही गोष्टी कटाक्षाने बघाव्या लागतात. बॅटरीची वायर काढलेली हवी. हौद्याच्या खाली डिझेलची टाकी, ब्रेकचे पाइप, वायरिंग असतं. ते काढून किंवा नीट झाकून घ्यायला हवं. पत्र्यावर जस्ताचा थर असेल तर जस्त सुमारे ४२० अंशांना वितळतं आणि ९०७ अंशांना उकळतं, त्याचा पांढरा धूर छातीत गेला की रात्री थंडीताप भरतो. जस्त घासून काढल्याशिवाय आणि दारं-खिडक्या उघडल्याशिवाय ज्योत लावू नये. आणि नव्या गाड्यांतलं जास्त ताकदीचं पोलाद तर तापवूच नये. त्याची ताकद कारखान्यात काळजीपूर्वक घडवलेल्या अंतर्रचनेत असते आणि ती एकदा ज्योतीने मोडली की गॅरेजमध्ये परत येत नाही.

काही गाड्यांच्या हौद्याच्या बाजू दुहेरी पत्र्याच्या असतात. तिथे मागून हात पोचत नाही. अशा वेळी स्पॉट पुलर लागतो. पत्र्यावर वॉशर किंवा पिन क्षणभराच्या वीजप्रवाहाने चिकटवतात, ओढतात, मग पिळून तोडतात आणि डाग घासून टाकतात. इथेही तत्त्व तेच आहे. खोलगट भाग पिनेने ओढून धरायचा आणि त्याच वेळी भोवतालची कड हातोडीने सोडवायची. नुसतं ओढलं तर प्रत्येक पिनेपाशी एक टेंगूळ येतं आणि पत्रा खडबडीत होतो.

पत्रा बसला हे ठरवायचं कसं? डोळ्यांवर भरवसा नको, उघड्या, खरडलेल्या पत्र्यावर डोळे फार फसतात. मिस्त्री तळहात वापरतो, तोही बोटांच्या दिशेने लांबवर सरकवत, आणि हाताखाली पातळ सुती फडकं घेऊन. फडक्यामुळे त्वचा पत्र्याला अडखळत नाही आणि चढ-उतार तेवढा जाणवतो. स्वीडनमधल्या संशोधकांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात माणसाच्या बोटाने सुमारे १० नॅनोमीटर उंचीच्या सुरकुत्या गुळगुळीत पृष्ठभागापासून वेगळ्या ओळखल्या होत्या. त्या सुरकुत्या फार बारीक आणि जवळजवळ होत्या, पोच्याचा चढ रुंद असतो, त्यामुळे तेवढी सूक्ष्मता इथे नसते. तरी सरावलेल्या हाताला जे कळतं ते नव्या माणसाला दाखवूनही कळत नाही. त्यानंतर कानस येते. ती पत्र्यावरून तिरकी हलकी फिरवली की उंच जागा चकाकतात आणि खोलगट जागा काळ्याच राहतात. पत्र्याचा नकाशाच उमटतो. चकाकलेलं खाली, काळं वर, असं करत पुन्हा हातोडी.

एवढी काटेकोर तपासणी कशाला, असं वाटेल. त्याचं उत्तर रंगात आहे. चकचकीत रंग लागला की पत्रा आरसा होतो, आणि आरसा जितका कलतो त्याच्या दुप्पट परावर्तित किरण कलतो. १०० मिलिमीटर अंतरात पत्रा फक्त ०.१७ मिलिमीटर चढला तर कोन होतो ०.१ अंश. त्याने किरण ०.२ अंश वळतो आणि तीन मीटरवर त्याची जागा एक सेंटिमीटर सरकते. मॅट प्रायमरवर कुणालाही न दिसलेली चूक रंग पक्का झाल्यावर ट्यूबलाइटच्या वाकड्या प्रतिबिंबात स्पष्ट होते. रंग दोष झाकतो हा समज म्हणून अगदी उलटा आहे. रंग दोष मोठा करून दाखवतो.

आता पुट्टी. तिच्याआधी शिसं होतं. शिसं आणि कथील यांचा सत्तर-तीसच्या आसपासचा मिश्रधातू १८३ अंशांना वितळायला लागतो, पण पूर्ण पातळ व्हायला २५५ अंशांच्या जवळ जावं लागतं. मधल्या टप्प्यात तो लगद्यासारखा असतो, आणि त्या लगद्याला लाकडी पट्टीने आकार देता येतो. त्याआधी पत्र्याला कल्हई करावी लागे, नाही तर तो धरत नसे. काम अप्रतिम टिकायचं, पण शिशाची धूळ कारागिरांच्या अंगात विष भरायची. १९५० च्या दशकात अमेरिकेत पॉलिएस्टरची पुट्टी आली आणि शिसं हळूहळू मागे पडलं.

आजची पुट्टी म्हणजे पॉलिएस्टर रेझिन आणि त्यात शंखजिऱ्याची बारीक भुकटी. तिच्यात वजनाने सुमारे २ टक्के हार्डनर मिसळला की रेझिनच्या साखळ्या एकमेकींना जोडल्या जातात, पुट्टी स्वतःच गरम होते आणि काही मिनिटांत घट्ट होते. घाई म्हणून हार्डनर जास्त टाकला तर नंतर त्याचा डाग रंगातून वर येतो. ही पुट्टी उत्तम वस्तू आहे, पण पातळ थरात. साधारण ३ मिलिमीटरच्या आत ती ठेवावी, हा कारागिरांचा जुना नियम आहे आणि त्यामागे पक्की कारणं आहेत. एक मीटर पोलाद तापमान ५० अंशांनी वाढलं की ०.६ मिलिमीटर वाढतं. विदर्भातल्या मे महिन्यात पहाटेचा हौदा आणि दुपारचा हौदा यांत फरक केवढा पडतो हे हात लावणाऱ्याला सांगावं लागत नाही. पुट्टी पोलादाहून अधिक वाढते आणि आकसते. थर पातळ असेल तर ती पत्र्याच्या मागे निमूट जाते. थर जाड असेल तर दरवर्षीच्या उन्हाळ्या-पावसाळ्यात जोडावरचा ताण वाढत जातो आणि एक दिवस पापुद्रा सुटतो. त्यात शंखजिरं ओल शोषतं. पुट्टी उघडी राहिली किंवा तिच्यात बारीक छिद्रं राहिली, तर कोकणातल्या एका पावसाळ्यात पाणी पत्र्यापर्यंत पोचतं आणि गंज आतून काम सुरू करतो. म्हणून गंज पांढऱ्या लोखंडापर्यंत घासून काढायचा आणि बरेच कारागीर करतात तसा आधी इपॉक्सी प्रायमरचा हात देऊन मग पुट्टी लावायची.

हौद्याच्या तळाबद्दल माझं मत वेगळं आहे. बाजू आणि फाळका बाहेरून दिसतात, तिथे पत्रा मनासारखा बसवून वर पातळ पुट्टी द्यावी. तळाला पुट्टी भरूच नये. तिथे रोज पाचशे किलो माल आपटणार, पत्रा लवणार, पन्हळी हलणार. पुट्टीला एवढं लवता येत नाही, ती तडकणार आणि तड्यांत पाणी साचणार. तळाचे पोचे डॉली-हातोडीने जमतील तेवढे काढावेत, पाणी तुंबणार नाही एवढा उतार परत आणावा, गंज खरवडावा, प्रायमर आणि रंग लावावा आणि वर रबरी चटई किंवा लाकडी फळ्या टाकाव्यात. काम करणाऱ्या गाडीच्या तळाला खुणा असणारच.

तुमची गाडी डेंटिंगला द्याल तेव्हा मिस्त्रीला आधीच सांगून ठेवा, की पुट्टी लावण्याआधी एकदा फोन करा, पत्रा उघडा असताना बघायला येतो. चांगला कारागीर याला आनंदाने हो म्हणतो. हाताखाली फडकं घेऊन तळहात फिरवा, अंगठ्याने दाबून टक् आवाज येतो का बघा, आणि कडेची खूण कुठे होती ते विचारा. पत्रा मूळ जागेच्या दोन-तीन मिलिमीटरच्या आत आलेला असेल तर पुट्टीला परवानगी द्या. नसेल, तर आणखी एक दिवस गाडी तिथेच राहू द्या आणि त्या दिवसाची मजुरी आनंदाने द्या.